‘बाहेरून घ्या’ म्हणता येत नाही अशी एक गोळी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, गोंदिया
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गोंदिया
मा. जिल्हा शल्य चिकित्सक, गोंदिया
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : अफूवर्गीय व्यसनावरचे औषध सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर रोज मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

सरकारी दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे ज्याने नोकरी केली त्याला एक वाक्य तोंडपाठ असते : ‘स्टॉक नाही, बाहेरून घ्या.’ निवृत्त होईपर्यंत मीही ते म्हणत आलो. रुग्ण चरफडतो, चिठ्ठीची घडी करून खिशात घालतो आणि समोरच्या मेडिकलमध्ये जातो. पैसे जातात, पण गोळी मिळते. आमचा तुटवडा त्याच्या खिशातून भरून निघतो आणि मासिक अहवालात त्याचा मागमूस राहत नाही.

एका औषधाच्या बाबतीत मात्र हे वाक्य म्हणायची सोयच नाही. ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन यांची जिभेखाली ठेवायची एकत्र गोळी. गर्द (म्हणजे हेरॉइन), अफू, कोडीनचे सिरप, ट्रामाडॉलच्या गोळ्या, पेंटाझोसिनची इंजेक्शने, अशा अफूच्या कुळातल्या पदार्थांत जो अडकला त्याला सावरणारे हे औषध. कुडवा नाक्यावर विचारा नाहीतर नागपुरात सीताबर्डीला, कोणत्याही मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून ते मिळणार नाही. ते फक्त परवानगी असलेल्या व्यसनोपचार केंद्रांनाच पुरवायचे, या अटीवरच त्याला देशात मान्यता मिळाली. अट का घातली ते मला कळते. पुढे त्यावर बोलतो. पण तिचा रोजच्या व्यवहारातला अर्थ असा की सरकारी दवाखान्यात ही गोळी नसेल, तर ज्याला खासगी केंद्र परवडत नाही त्याच्या लेखी ती अस्तित्वातच नाही.

कुडव्यातून लिहितोय त्याला कारण आहे. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले ते केटीएस आणि बाई गंगाबाई या जुन्या रुग्णालयांच्या आधाराने. त्याची स्वतंत्र इमारत आमच्या कुडव्यात. २०२४ च्या फेब्रुवारीत तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा आमच्याकडे बोलणे चालले ते हृदयाचे ऑपरेशन इथे होईल का, कॅन्सरची मशीन येईल का, याचे. अपेक्षा रास्तच आहेत. त्या मोठ्या यंत्रांच्या यादीत मला एक खिडकी, एक कुलूपबंद कपाट, एक डॉक्टर आणि एक समुपदेशक एवढे घालायचे आहे. कोणता विभाग कुठे बसणार हे एकदा पक्के झाले की पुढची पंधरा वर्षे कुणी भिंत हलवत नाही, म्हणून आत्ताच.

कुडव्यात गर्दुल्ल्यांचे राज्य आहे, असा माझा दावा नाही. आमच्या भागातली पहिली दोन दुखणी दारू आणि खर्रा. त्यांच्या मानाने अफूवर्गीय नशा करणारे थोडे. पण गोंदिया हे हावडा–मुंबई मार्गावरचे जंक्शन, एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड, आणि खाली देवरीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग. माल जिथून जातो तिथे थोडा सांडतोच. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालय आणि एम्स यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात २.२६ कोटी लोक अफूवर्गीय पदार्थ वापरतात आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे, असा अंदाज दिला आहे. ज्या मोजक्या राज्यांत मिळून यातले निम्म्याहून अधिक राहतात, त्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. तेव्हा आकडे पंजाबचे आणि मणिपूरचे, आपण निवांत, असे समजायला जागा नाही.

शिवाय हा रुग्ण ओळखू येतोच असे नाही. पुलाखाली पन्नीवर धूर ओढणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो. पण पोती वाहून कंबर गेलेला आणि दुखण्यासाठी सुरू केलेली ट्रामाडॉल आता दिवसाला पट्टीभर लागणारा हमाल, दुखऱ्या मणक्यावर वर्षानुवर्षे फोर्टविनचे, म्हणजे पेंटाझोसिनचे, इंजेक्शन घेणारी बाई, खोकला नसताना सिरपची बाटली रिकामी करणारा कॉलेजचा मुलगा, हेही त्याच रांगेतले. यांच्यापैकी कुणी स्वतःला व्यसनी म्हणत नाही. ‘औषध बंद केले की अंग मोडून येते’ एवढेच ते सांगतात, आणि अंगदुखी म्हणून आणखी एक वेदनाशामक घेऊन घरी जातात.

एक खुलासा इथेच करतो, कारण ‘व्यसनावर गोळी आली’ असे कुणी ऐकले की सगळ्याच व्यसनांची माणसे रांगेत उभी राहतात. ही गोळी दारूवर नाही, गांजावर नाही, सध्या गाजणाऱ्या एमडीवर, म्हणजे मेफेड्रोनवर, नाही. मालेगावची ‘कुत्ता गोळी’ म्हणजे अल्प्राझोलाम, तिच्यावरही नाही. उलट ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्याने वरून दारू किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पहिल्या भेटीला विचारून भागायचे नाही, दर भेटीला विचारावा लागेल.

आता ही गोळी करते काय? अफूचे रेणू मेंदूतल्या ज्या जागी जाऊन बसतात त्याच जागी ही बसते आणि ती जागा घट्ट धरते. पण काम पुरे करत नाही, अर्ध्यावर थांबते. त्यामुळे तलफ शमते, अंग मोडत नाही, पण आधीसारखी धुंदी येत नाही. डोस वाढवत नेला तरी एका मर्यादेनंतर श्वासावरचा परिणाम वाढत नाही, म्हणून एकटी घेतली तर ती याच उपचारातल्या मेथाडोन या दुसऱ्या औषधापेक्षा सुरक्षित. परिणाम दिवसभर टिकतो. वरून कुणी गर्द ओढलीच तरी जागा आधीच अडलेली असल्याने पैसे वाया गेल्यासारखे होते. सोबतचे नॅलॉक्सोन जिभेखालून जवळजवळ शोषले जात नाही. पण गोळी कुटून शिरेतून टोचली की ते जागे होते आणि टोचणाऱ्याला तत्काळ टर्की लागते. पहारेकरी म्हणूनच त्याला गोळीत घातले आहे.

टर्की हा गर्दवाल्यांचा शब्द. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, हाडांत कळा, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. पहिली गोळी द्यायची ती ही लक्षणे दिसू लागल्यावर, म्हणजे शेवटच्या गर्दनंतर निदान बारा तासांनी. घाई केली तर अंगात असलेल्या अफूला ही गोळी हुसकावून लावते आणि रुग्णाला आयुष्यातली सर्वांत वाईट टर्की डॉक्टरच्या खुर्चीसमोर लागते. तो परत येत नाही, आणि चार जणांना सांगतो ते वेगळेच. म्हणून सुरुवात २ मिलिग्रॅमने, तासा-दोन तासांची देखरेख, मग गरजेप्रमाणे वाढ. गर्दवाल्यांपैकी अनेकांना ८ ते १६ मिलिग्रॅमवर स्थैर्य येते, सिरप-ट्रामाडॉलवाल्यांना बहुधा कमी पुरते. यासाठी ना ऑपरेशन थिएटर लागते, ना महागडी तपासणी. बसायला बाक, वाट पाहायची तयारी असलेला डॉक्टर आणि न संपणारा स्टॉक लागतो. तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत दुर्मिळ, हे मी अनुभवाने सांगतो.

नाल्ट्रेक्सोन नावाचे आणखी एक औषध आहे. ते ती जागा पूर्ण बंद करते. पण ते सुरू करण्याआधी आठ-दहा दिवस अफूचा अंश शरीरात नको, आणि गोळी रोज घेण्याची इच्छा माणसाने स्वतः टिकवायची. सांभाळणारे घर मागे आहे अशांना ते जमते. बाकीचे आठवड्यात सोडतात.

मराठी माणसाच्या मनातले व्यसनोपचाराचे चित्र मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने घडवले, आणि ते ऋण मोठे आहे. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली तेव्हा अनिल अवचटांनी तिच्यावर लिहिले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी काम सुरू केले. सुरुवात दारूसाठी नव्हती, गर्दसाठीच होती, हे आता कित्येकांना ठाऊक नसते. त्या काळी आपल्याकडे ही गोळी हाताशी नव्हती. भरती, प्रेम, शिस्त, गटचर्चा आणि पाठपुरावा याच बळावर त्यांनी माणसे उभी केली. माझी तक्रार त्यांच्याविषयी मुळीच नाही. ती आहे आपल्या कल्पनाशक्तीविषयी. ती त्या दशकात गोठली : माणसाला आत ठेवा, महिनाभर नशा तुटू द्या, शपथ घ्यायला लावा, ‘बरा होऊन’ घरी पाठवा. मुक्तांगणची माया आणि पाठपुरावा वगळून उरलेला सांगाडा मग गल्लोगल्ली उचलला गेला, आणि काही ठिकाणी तर कुलूप तेवढे उरले.

अफूच्या बाबतीत हा महिना धोक्याचा आहे. शरीराची सवय महिन्याभरात उतरते, ओढ उतरत नाही. बाहेर आलेला माणूस एके दिवशी जुन्या मापाने घेतो आणि ते माप आता त्याला मारणारे असते. स्वीडनमधला एक अभ्यास २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. हेरॉइनच्या आहारी गेलेले ४० जण. निम्म्यांना वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन. निम्म्यांना सहा दिवसांत डोस उतरवत नेऊन पुढे नुसती खोटी गोळी. समुपदेशन आणि गटचर्चा दोन्हीकडे सारखीच. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात होते. दुसऱ्या गटातला एकही नव्हता, आणि त्या वीस जणांपैकी चार मरण पावले होते. चाळीस माणसांचा लहानसा अभ्यास, असे कुणी म्हणेल. मग २०१७ मध्ये ‘बीएमजे’त आलेला अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा पाहावा. मेथाडोनवर असताना दर हजार जणांमागे वर्षाला साधारण ११ मृत्यू, उपचार सुटल्यावर ३६. ब्युप्रेनॉर्फिनचेही आकडे त्याच दिशेचे. मेथाडोन या उपचारासाठी १९६५ पासून वापरात आहे. दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत २००५ पासून आहेत. म्हणजे आपण इथे काही नवा प्रयोग मागत नाही आहोत.

तरी ‘एक नशा काढून दुसरी लावता’ हा आक्षेप येईलच. सरपंचांकडून येईल, पोलीस ठाण्यातून येईल, आणि खरे सांगायचे तर डॉक्टरांकडूनही येईल. यावर युक्तिवाद करण्यापेक्षा माणूस पाहावा. गर्दवाल्याचा दिवस चार तासांच्या तुकड्यांत विभागलेला असतो : पैसे जमव, पुडी मिळव, ओढ, पुन्हा पैसे जमव. गोळीवरचा माणूस सकाळी एकदा जिभेखाली गोळी ठेवतो, पाच-दहा मिनिटे गप्प बसतो आणि कामावर जातो. पगार घरी आणतो. गोळी सोडली तर त्याला त्रास होईल, हे खरे. त्या अर्थाने तो अवलंबून आहे. पण बायकोच्या मंगळसूत्रावर डोळा ठेवून नाही. किती दिवस घ्यायची, हा प्रश्न मग उरतो; उत्तर महिन्यांत नाही, वर्षांत आहे, आणि ते रुग्ण व डॉक्टरने ठरवायचे. ‘तीन महिन्यांत बंद करा’ असे परिपत्रक कुणी काढू नये, एवढीच विनंती.

आता गोळ्या बाहेर विकल्या जातील, ही भीती. औषधवाला म्हणून ती मी हलक्यात घेत नाही. चौकातल्या प्रत्येक दुकानात ही गोळी मोकळी करा, असे मी म्हणणार नाही. कोडीन सिरपचे काय झाले ते आपण पाहिले आहे. पंजाबने २०१७ च्या ऑक्टोबरपासून बाह्यरुग्ण केंद्रांतून ही गोळी द्यायला सुरुवात केली, आता तिथे अशी पाचशेच्या वर केंद्रे आहेत, आणि तिथेच खासगी केंद्रांतल्या कोट्यवधी गोळ्यांचा हिशेब लागेना म्हणून चौकश्याही बसल्या. त्यातून धडा काय घ्यायचा? माझ्या मते कडकपणा हिशेबात ठेवावा, रुग्णाशी नाही. पण सरकारी खात्याला उलटे सोपे जाते. गोळ्यांची मोजदाद करायची म्हणजे रोज बसून रकाने भरावे लागतात. रुग्णाला ‘रोज समोर येऊन घे’ म्हणायला काही लागत नाही.

रोज समोर येऊन घे, हे मुंबईत चालते. परळच्या केईएममध्ये चालते. देशात मेथाडोनची सुरुवात झाली तेव्हाच्या पाच ठिकाणांत ते होते. एड्स नियंत्रण संस्थेच्या केंद्रांतही इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना गोळी समोरच दिली जाण्याची पद्धत आहे. पण अर्जुनी मोरगावचा मजूर सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून रोज कुडव्याला कसा येईल? रोवणीच्या दिवसांत ज्याच्या हाताला रोज काम मिळते तो ते टाकून काळी-पिवळीत बसणार आहे काय? एका गोळीसाठी रोजी बुडवायला लावली, की आपणच त्याला गावातल्या पुडीकडे ढकलतो. ती तर घरपोच मिळते. पहिले काही आठवडे समोर द्या. मग आठवड्याच्या, मग पंधरवड्याच्या गोळ्या घरी द्या, सांभाळायला घरातले एक माणूस नेमा, रिकामी पाकिटे परत मागा, मधूनच लघवी तपासा. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या घरी देण्याची मुभा द्यावीच लागली होती. आणि समोर गोळी देण्याचे शास्त्र आपल्या आरोग्य खात्याला शिकवायला नको : क्षयरोगाची गोळी आशाताईंच्या हातून आपण पाड्यापाड्यावर पोचवली. एचआयव्हीची औषधे एप्रिल २००४ मध्ये मोजक्या मोठ्या दवाखान्यांतून मोफत द्यायला सुरुवात झाली, आता स्थिर रुग्णाला काही महिन्यांची एकदम मिळतात. त्या दोन्ही वेळी ‘हे अडाणी लोक गोळ्या नीट घेणार नाहीत’ असे म्हणणारे साहेब होतेच.

माननीय जिल्हा शल्य चिकित्सक, यातला मोठा भार आपल्या ग्रामीण रुग्णालयांवर आहे. सगळे कुडव्यात आणून ठेवले तर ते कुडव्यापुरतेच राहील. निदान आणि सुरुवात महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात होऊ द्या. पुढची गोळी तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी इथे मिळू द्या. ती लिहायला एमबीबीएस डॉक्टर पुरे आहे, फक्त त्याला शिकवायला हवे. फ्रान्सने १९९६ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहू दिले. १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिसेवनाचे मृत्यू जवळपास चार-पंचमांशाने उतरले. अमेरिकेने याउलट २००० च्या कायद्याने डॉक्टरांवर वेगळ्या परवान्याची अट लादली, बहुसंख्य डॉक्टर त्या वाटेला गेलेच नाहीत, आणि लाखो माणसे गमावल्यावर २०२२ च्या डिसेंबरात ती अट काढून टाकली. आपले अधिष्ठाता इच्छा धरतील तर इथून बाहेर पडणारा प्रत्येक इंटर्न ही पहिली गोळी आपल्या हाताने सुरू करूनच जाईल. आणि तातडीच्या विभागात नॅलॉक्सोनची इंजेक्शने कायम असावीत. निळे ओठ, टाचणीएवढी बुबुळे, मंदावलेला श्वास, असा माणूस आला की ते मिनिटांचे काम असते. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, हे शोधण्याची ती वेळ नव्हे.

बाई गंगाबाई या स्त्रियांच्या रुग्णालयाचा उल्लेख मुद्दाम करतो. व्यसनाच्या चर्चेत बाई येतच नाही, आणि गरोदर बाई तर नाहीच. तिला कुणी ‘पोटात बाळ आहे, आजपासून बंद’ असे दटावले आणि तिने खरोखर एकदम बंद केले, तर तिला आणि बाळाला दोघांनाही त्रास होतो. गरोदरपणातही औषधावर ठेवणे हाच मान्य उपचार आहे, आणि जन्मल्यावर बाळाच्या काही दिवसांच्या त्रासावरही उपचार आहेत. प्रसूतीच्या वॉर्डात हे माहीत असलेली एक तरी परिचारिका असावी. नाहीतर ती बाई काही सांगणारच नाही, आणि टर्कीला कळा समजून सारे मोकळे होतील.

कायदा या सगळ्याच्या बाजूने आहे. अमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, आपल्याला तो फक्त धाडींपुरता माहीत. त्याच कायद्याचे ६४ अ कलम म्हणते की थोडा माल जवळ असल्याच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यातला व्यसनी स्वतःहून उपचाराला आला तर त्याच्यावर खटला चालवू नये. ७१ वे कलम सरकारला उपचार केंद्रे काढायचा आणि तिथे औषध पुरवायचा अधिकार देते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित अवस्थांना मानसिक आजार मानतो, आणि त्याचे १८ वे कलम म्हणते की अत्यावश्यक यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत सदासर्वकाळ मोफत मिळाली पाहिजेत. सामुदायिक आरोग्य केंद्र म्हणजे आपल्याकडचे ग्रामीण रुग्णालय. ब्युप्रेनॉर्फिन राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहे. २०२२ च्या यादीत त्याचा समावेश झाला तेव्हा बातम्याही आल्या. तेव्हा राज्याच्या खरेदी प्राधिकरणाकडे मागणी नोंदवताना हे नाव यादीत घालणे ही कुणाची मेहेरबानी ठरणार नाही.

माननीय जिल्हाधिकारी, आपण नार्को समन्वयाच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष असता. किती किलो गांजा पकडला, किती गुन्हे नोंदले, हे तिथे वाचले जाते. किती जण उपचारात आले आणि सहा महिन्यांनी किती टिकले, हा आकडाही त्याच पानावर यावा. नशामुक्त भारत अभियान २०२० च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाले तेव्हापासून शपथा आणि फेऱ्या निघतात. शपथेला स्टॉक रजिस्टर लागत नाही, म्हणून ती सोपी. आणखी एक : ओपीडीच्या दाराशी साध्या वेशातला पोलीस कधीही उभा राहणार नाही, असे आपण लेखी द्यावे. एकदा कुणाला तिथून उचलले की त्या खिडकीवर वर्षभर माशी बसणार नाही.

माननीय आयुक्त, ट्रामाडॉल २०१८ च्या एप्रिलमध्ये एनडीपीएसखाली आले, ते योग्यच झाले. आपले निरीक्षक एखाद्या मेडिकलवर धाड घालतात, परवाना निलंबित होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्या दुकानाचे रोजचे गिऱ्हाईक त्या रात्री टर्कीत असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते काहीतरी शोधायला निघते. ट्रामाडॉल मोठ्या मापात घेणाऱ्याला झटके येण्याचाही धोका असतो. धाड घालण्याआधी गुप्तता हवी, हे समजू शकतो. पण धाड झाल्याच्या दिवशीच ग्रामीण रुग्णालयाला फोन जावा आणि बंद शटरवर ‘या औषधाची सवय लागली असल्यास अमुक ठिकाणी मोफत उपचार मिळेल’ अशी पाटी चिकटावी, यात कायद्याला कुठे बाध येतो? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलिमानसचा, असे दोन क्रमांक आहेतच. त्याच पाटीवर तेही लिहावेत. शिवाय जिल्ह्यातल्या एखाद्या खासगी मानसोपचारतज्ज्ञाने परवानगीसाठी अर्ज केला तर फाईल किती दिवसांत निघेल, ते ठरवून जाहीर करावे.

शेवटी स्टॉकबद्दल, कारण माझा जन्म त्यातच गेला. तापाची गोळी संपली तर रुग्ण एक दिवस कण्हतो. ही गोळी तीन दिवस संपली तर माणूस जातो तो पुडीकडे, आणि त्यातले काही परत येत नाहीत. म्हणून तीन महिन्यांचा साठा हातात असतानाच पुढची मागणी गेली पाहिजे. दिवाळी, होळी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत खिडकी बंद राहणार असेल तर आधीच्या दिवशी हिशेबाने गोळ्या द्या. रुग्ण तुरुंगात गेला किंवा दुसऱ्या वॉर्डात भरती झाला, तर त्याची गोळी त्याच्यामागे गेली पाहिजे. आणि खिडकीबाहेर फळ्यावर रोज दोन ओळी : आज शिल्लक किती, आणि या महिन्यात किती दिवस गोळी नव्हती. दुसऱ्या ओळीत शून्य लिहिता येणे हे आपणा चौघांच्या कामाचे मोजमाप मी मानीन.

रजिस्टर कसे असावे याचा मी विचार केला आहे. रुग्णाचे नाव बाहेर दिसणार नाही, क्रमांक दिसेल. दिलेल्या गोळ्या, परत आलेली पाकिटे, पुढची तारीख, आणि डॉक्टर व औषध निर्माण अधिकारी दोघांच्या सह्या. नमुना हवा असल्यास मी रकाने आखून केटीएसच्या औषध भांडारात आणून देईन. उत्तर मला व्यक्तिशः पाठवू नये. महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावले तर तिथे येणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल.

आपला,
एक निवृत्त औषध निर्माण अधिकारी
कुडवा, ता. जि. गोंदिया